बीपीएम धोरणात आणायचंय? सॉफ्टवेअर नंतर, आधी चलनं काढा

तुमचा प्रश्न असा: नाशिकच्या अंबडला 80 माणसांचा शीट मेटलचा कारखाना आहे, मालकांना बीपीएम (बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट, म्हणजे कामाच्या प्रक्रिया आखून, मोजून सुधारणं) कंपनीच्या धोरणात आणायचंय, तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअर आत्ता नको. आधी मालकांना विचारा, येत्या दोन वर्षांत कंपनीला नेमकं काय हवंय. नवीन गिऱ्हाईक हवं असेल तर चौकशी ते कोटेशन ही प्रक्रिया धरा. वेळेवर डिलिव्हरी हवी असेल तर पीओ (गिऱ्हाइकाची खरेदी ऑर्डर) ते डिस्पॅच. एकच धरा. सगळ्या खात्यांचे फ्लोचार्ट एकदम काढायला घेतले की ते ऑडिटच्या फाइलीत जाऊन बसतात.

समजा डिलिव्हरी धरली आणि तुमचे पार्ट प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) सातपूरला जातात. मागची 30 चलनं, म्हणजे माल बाहेर पाठवताना सोबत देतात ते कागद, काढा. प्रत्येकावर चार तारखा लिहा: माल तयार झाला, गेटबाहेर गेला, परत आला, तपासून ओके झाला. या सगळ्या तारखा चलन, गेट रजिस्टर आणि इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये आधीच आहेत. प्रत्यक्ष प्लेटिंगला काही तास लागतात, बाकीचे दिवस वाट बघण्यात जातात. टेम्पो भरेपर्यंत माल थांबतो. परत आला तरी क्वालिटीवाला डिस्पॅचच्या घाईत अडकलेला, म्हणून क्रेट इनवर्डलाच (आलेला माल उतरवतात तिथे) पडून राहतात. जाताना नग मोजले आणि येताना वजनावर घेतले, तर हिशोबही जुळत नाही.

प्रक्रियेचा नकाशा काढताना स्टोअरवाला, सुपरवायझर आणि टेम्पोवाला समोर हवेत, केबिनमध्ये बसून तो चुकतोच. बीपीएमएनची (प्रक्रियेचे नकाशे काढायची ठरलेली चिन्हपद्धत) सगळी चिन्हं शिकायची गरज नाही. गोल (सुरुवात-शेवट), चौकट (काम), हिऱ्याचा आकार (निर्णय) आणि खात्यांचे आडवे पट्टे एवढ्यावर भागतं. आयएसओ 9001:2015 हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र घेतलेलं असेल तर कलम 4.4 साठी प्रक्रियांचे इनपुट, आउटपुट, जबाबदाऱ्या आधीच ठरवलेल्या असतील. तिथूनच सुरू करा.

खरी अडचण पुढे येते. प्रॉडक्शनचा इन्सेंटिव्ह नगांवर असेल तर ते मोठे लॉट चालवणार आणि प्लेटिंगपुढे ढीग लागणार. त्यांचा दोष नाही, मोजमापच तसं आहे. म्हणून पीओ ते डिस्पॅच या पूर्ण साखळीला एक जबाबदार माणूस नेमा, आणि अर्धा भरलेला टेम्पो सोडायचा अधिकार त्याला द्या. हे काम 'आयएसओ बघणाऱ्या'कडे ढकलू नका, प्रॉडक्शन त्याचं ऐकणार नाही. इन्सेंटिव्हमध्ये वेळेवर गेलेल्या ऑर्डरींचा वाटा घाला. मासिक मीटिंगमध्ये विक्रीच्या आधी हा आकडा घ्या. नवीन प्रेस मशीन मागणाऱ्यालाही विचारा, त्याने वाट बघण्याचे किती दिवस कमी होतील? धोरणात आणणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच.

बदललेली पद्धत तीन महिने कागदावर टिकली की सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा. त्याचा तयार डेमो बघू नका. तुमचंच एक अडलेलं चलन त्याला चालवायला द्या: 500 नग गेले, 488 आले, त्यातले 20 रीवर्कला परत.