आईसाठी २४ तासांची बाई ठेवायची की नर्स?

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, तुम्ही परगावी असता, म्हणून ब्युरोतून (घरी सेवेसाठी माणसं पुरवणारी संस्था) कोणाला घ्यावं असं विचारलंय. आधी कामं लिहून काढा. आंघोळ, जेवण, संडासला नेणं, औषधं हातात देणं एवढंच असेल तर अनुभवी मावशी पुरेशी आहे. इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी), जखमेचं ड्रेसिंग असेल तर एएनएम किंवा जीएनएम (नर्सिंगचे अभ्यासक्रम) झालेली नर्सच हवी. ते काम मावशीवर ढकलू नका.

२४ तासांची म्हणजे २४ तास जागी राहणारी नव्हे, हे अनेक घरांत विसरलं जातं. आई रात्री तीनतीनदा उठत असेल तर १२-१२ तासांच्या दोघी ठेवा. खर्च वाढतो, पण झोप न झालेल्या बाईच्या हातून आई पडली तर पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. राहणारीच ठेवलीत तर तिला नीट अंथरूण, वेळेवर जेवण आणि सुट्टी द्या. सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार, हे ब्युरोकडून आधीच लिहून घ्या.

पोलिस व्हेरिफिकेशन कराच. आणि पहिले तीन-चार दिवस रजा काढून घरी थांबा. आईला उठवताना ठेवलेली बाई घाई करते का, आईशी बोलते का, हे तेव्हाच कळेल.