कृषी सल्ला: अवजारे बँकेतील जुनी यंत्रे आणि तेलाची निवड

प्रश्न: आमच्या शेतकरी गटाच्या अवजारे बँकेत वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन जुने ट्रॅक्टर आणि एक जुना जेसीबी आहे. सर्वांना एकच तेल वापरता येईल काय? (एक शेतकरी गट, जि. यवतमाळ)

उत्तर: इंजिनापुरते बोलायचे तर होय. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिकसाठी मात्र सरसकट तसे करता येणार नाही, आणि मोठ्या खर्चाचे काम बहुधा तिथेच निघते.

जुन्या बनावटीच्या डिझेल इंजिनांना १५डब्ल्यू-४० जाडीचे, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या सीआय-४ दर्जाचे तेल सामान्यतः चालते, कारण हा दर्जा सीएफ-४ व सीएच-४ या आधीच्या दर्जांची जागा घेतो आणि ही जाडी आपल्याकडील मे महिन्याच्या उन्हातही पुरते. मोटारसायकलचे तेल घरात शिल्लक आहे म्हणून ट्रॅक्टरमध्ये ओतू नये. ते पेट्रोल इंजिनासाठी बनवलेले असते. आधी कोणते तेल होते हे विकणाऱ्यालाही सांगता येत नसेल, तर पहिल्या खेपेस तेल व फिल्टर नेहमीच्या निम्म्या तासांवरच बदलावेत, कारण नव्या तेलाने सुटलेला जुना गाळ फिल्टरमध्ये साचतो.

पाठीमागच्या भागासाठी (गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रॉलिक) तेल घेण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे आहेत की ऑइल ब्रेक (तेलात बुडालेले), हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेक हे एकाच तेलावर चालतात. तिथे या तिन्हींसाठी बनवलेले यूटीटीओ प्रकारचे ट्रान्समिशन तेलच लागते. साधे ९० नंबरचे गिअर ऑइल टाकल्यास ब्रेक किंचाळतात, नीट पकडत नाहीत आणि त्यांच्या चकत्या लवकर झिजतात. कोरड्या ब्रेकच्या जुन्या ट्रॅक्टरला पुस्तिकेत ९० नंबर सांगितला असेल तर जीएल-४ दर्जाचे घ्यावे. दुकानदार 'त्याहून भारी' म्हणून जीएल-५ देतो, पण त्यातील काही रसायने पितळी व कांस्याच्या भागांना अपायकारक ठरू शकतात.

आपल्या प्रश्नात न आलेली, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब हायड्रॉलिक ट्रॉलीची आहे. ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्याच तेलावर उचलतो आणि त्यातील काही तेल जॅकमध्ये व पाइपात राहते. तीच ट्रॉली दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडली की एकाचे तेल दुसऱ्यात जाते, आणि डबे वेगळे ठेवण्याची सारी काळजी वाया जाते. म्हणून पुस्तिका परवानगी देत असेल तर तिन्ही ट्रॅक्टरांत एकाच प्रतीचे यूटीटीओ भरावे. अन्यथा ९० नंबरच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडूच नये. कपलर (ट्रॉलीचा तेलाचा पाइप ट्रॅक्टरला जोडण्याचा जोड) जोडण्यापूर्वी पुसावा, कारण सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत त्यावर बसलेली धूळ थेट पंपात जाते.

जेसीबीचा हिशेब वेगळा ठेवावा. त्याच्या हायड्रॉलिक टाकीत पुस्तिकेप्रमाणे ४६ किंवा ६८ नंबरचे झीजरोधक हायड्रॉलिक तेल, तर ट्रान्समिशन व ॲक्सलमध्ये त्यांची स्वतंत्र तेले लागतात. ट्रॅक्टरचे उरलेले तेल त्यात कधीही ओतू नये. ग्रीस मात्र सर्व यंत्रांना बहुतेक ठिकाणी लिथियम प्रकारचे, २ नंबरचे चालते.

तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीवर तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या यंत्रांत हे घडते, आणि अशा वेळी तेल बदलण्याआधी पाणी शिरण्याची जागा बंद करावी. काढलेले काळे तेल नाल्यात किंवा बांधावर ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे लागते.