आयसीयूत प्रोटोकॉल लावलाय, पण स्टाफ मनावर घेत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की व्हेंटिलेटर आणि सेंट्रल लाइनचे (मोठ्या शिरेत टाकायची नळी) प्रोटोकॉल छापून भिंतीवर लावले, ट्रेनिंग झालं, सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. मी कोल्हापुरात एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्याकडेही पहिल्या खेपेला हेच झालं.

आम्ही दर तासाला खुणा करायचा तक्ता केला होता. एकदा दुपारी फाइल चाळताना दिसलं, की ज्या आजोबांची नळी सकाळी ११ लाच काढली होती, त्यांच्या व्हेंटिलेटरच्या रकान्यात १ आणि २ वाजताच्याही खुणा! एकाच पेनाने, एका दमात ओढलेल्या. त्या मुलीला मी बोलले, मग माझं मलाच वाईट वाटलं. तीन व्हेंटिलेटर ती एकटी बघत होती, त्यात राधानगरीकडचा एक कीटकनाशक प्यायलेला पेशंट, त्या विषावरचं अ‍ॅट्रोपिन चालू. तक्ता भरायला वेळ कुठला? दुसऱ्या दिवशी तो तासाचा तक्ता बंद केला आणि पाळीला एकदाच भरायचा ठेवला.

मग कागद सोडून बेडकडे बघायला लागलो. व्हेंटिलेटरच्या पेशंटचं डोकं ३० ते ४५ अंश वर हवं, म्हणजे पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जायचा धोका कमी होतो. सगळे म्हणायचे, ३० आहे की! मोबाइलवर कोन मोजला तर बरेच बेड १५-२० च्या आसपास. नजरेला ३० दिसतं, असतं निम्मं. शेवटी प्रत्येक बेडच्या कडेला ३० अंशावर लाल चिकटपट्टी मारली. आता फरशी पुसणाऱ्या मावशीसुद्धा सांगतात, “सिस्टर, सात नंबरचं डोस्कं खाली आलंय बघा.”

सेंट्रल लाइनचं तर अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं उदाहरण सगळे देतात. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हात धुणे, गाऊन-मास्कसह पेशंटवर पूर्ण ड्रेप (निर्जंतुक कापड), क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतून लाइन न टाकणे आणि गरज संपली की काढणे, एवढ्या पाच गोष्टी. शंभराहून जास्त आयसीयूंमध्ये लाइनचं इन्फेक्शन खूप खाली आलं. पण त्यात एक सहावी गोष्ट होती, ती आपल्याकडे कुणी सांगत नाही: पायरी चुकली तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं.

आपल्याकडे सिस्टरने सरांना थांबवायचं म्हणजे! आमच्या मोठ्या सरांनी ते राउंडला सगळ्यांसमोर स्वतः सांगितलं म्हणून जमलं. तरी पहिल्यांदा रात्री दीडला एका ज्युनियर डॉक्टरला आमची मुलगी म्हणाली, “सर, ड्रेप छोटा आहे, मोठा आणते,” तेव्हा ते भडकले. त्यांनी सरळ मोठ्या सरांना फोन लावला. स्पीकरवर उत्तर आलं, “सिस्टर म्हणतात तसं करा,” आणि फोन बंद. त्या एका वाक्याने जे काम झालं ते आमच्या चार ट्रेनिंगनी झालं नव्हतं. तुमचे सीनियर असं बोलणार नसतील तर आधी त्यांच्याशीच बसा.

तक्त्याकडून फार अपेक्षाही नको. ब्राझीलमध्ये ११८ आयसीयूंत राउंडच्या चेकलिस्टचा प्रयोग झाला, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. काही कामं सुधारली, मृत्यू मात्र घटले नाहीत.

आणि ‘नाही केलं, कारण...’ असा रकाना ठेवाच. सेप्सिसला, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलेल्या पेशंटला, वजनाच्या किलोमागे ३० मिली सलाइन ठीक आहे, पण हार्ट फेल्युअरच्या पेशंटला डॉक्टर हात आखडता घेतील तर ते लिहिता आलं पाहिजे. नाहीतर लोक खोट्या खुणा करतात.

सुरुवात लाइनच्या ट्रॉलीपासून करा, सगळं सामान एका जागी. ती भरून ठेवायचं काम रात्रपाळीच्या ड्युटी लिस्टमध्ये नावानिशी घाला. आमचे गाऊन दुसऱ्याच आठवड्यात ऑपरेशन थिएटरमध्ये गेले होते.