ब्लॉगरवरच्या ब्लॉगसाठी आपोआप तयार होणारी अनुक्रमणिका कशी करावी?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत: लेख ३०० च्या पुढे गेलेत, आणि अनुक्रमणिकेचं पान हाताने लिहिताना दर वेळी एखादा दुवा राहतो. नुसती महिनावार यादी पुरत असेल तर ब्लॉग आर्काइव्ह गॅजेट लावा आणि मोकळे व्हा. विषयवार किंवा अकारविल्हे यादी हवी असेल तर मात्र फीड (ब्लॉगर आपोआप बनवतं ती प्रोग्रामने वाचायची लेखांची यादी) वाचणारी २५-३० ओळींची जावास्क्रिप्ट लागेल. (खालची नावं देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये ती रोमनमध्ये लिहा.)

आधी सेटिंग्जमध्ये साइट फीड सुरू आहे का ते बघा. तिथे ‘नन’ असेल किंवा ब्लॉग खासगी असेल तर पुढचं काहीच चालणार नाही. मग नवीन पेज उघडा, एचटीएमएल व्ह्यूमध्ये जा, एक रिकामा डिव्ह (यादी जिथे दिसेल तो कप्पा) ठेवा आणि त्याखाली स्क्रिप्ट लिहा. एकदा सेव्ह केल्यावर त्या पानावर कंपोझ व्ह्यू उघडू नका, कोडची मोडतोड होऊ शकते. हीच स्क्रिप्ट थीममध्ये घालणार असाल तर थीम एक्सएमएल असते हे लक्षात ठेवा: सुटं ‘&’ दिसलं की ती सेव्हच होत नाही. त्यामुळे पेजच बरं.

फीडचा पत्ता स्लॅशपासून सुरू करा: /फीड्स/पोस्ट्स/समरी, आणि त्यापुढे आल्ट=जेसन. ब्लॉगचं पूर्ण नाव घालू नका. एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता दिला तर सुरक्षित पानावर ब्राउझर तो अडवतो, आणि उद्या स्वतःचं डोमेन घेतलंत तर कोड परत बदलावा लागतो. ‘डिफॉल्ट’ऐवजी ‘समरी’ घ्यायचं कारण म्हणजे आपल्याला शीर्षकं हवीत, अख्खे लेख नकोत.

मॅक्स-रिझल्ट्स, म्हणजे एका फेरीत मागायच्या नोंदी, १५० ठेवा. ५०० किंवा ९९९९ लिहिलेल्या तयार स्क्रिप्ट खूप फिरतात, पण फीड मागाल तेवढं देईलच असं नाही, आणि मग जुने लेख गुपचूप गळतात. म्हणून स्टार्ट-इंडेक्स (कितव्या नोंदीपासून द्यायचं तो आकडा) १ पासून सुरू करा आणि दर फेरीत जितक्या नोंदी खरोखर आल्या तितक्यानेच पुढे न्या. ३४० लेखांना ३ फेऱ्या लागतात, चौथी रिकामी येते. नोंदी यायच्या थांबल्या की फेरी थांबवा, पण त्या वेळी ‘एंट्री’ हा भागच फीडमध्ये नसतो. ती तपासणी केली नाही तर स्क्रिप्ट शेवटच्या फेरीत कोसळते आणि पान कोरं राहतं.

प्रत्येक नोंदीत बरेच दुवे असतात. ज्याचा ‘रेल’ (दुव्याचा प्रकार) ‘अल्टरनेट’ आहे तोच लेखाचा पत्ता. पाचवा दुवा घ्या असं सांगणारा कोड प्रतिक्रिया बंद असलेल्या लेखांवर फसतो, कारण तिथे दुव्यांची संख्या बदलते. शीर्षक रिकामं असेल तर ‘शीर्षक नाही’ आणि तारीख छापा, नाहीतर दुवा दिसणारच नाही. तारखेसाठी ‘पब्लिश्ड’ची पहिली १० अक्षरं पुरतात. ती एक दिवस मागे दिसत असेल तर ब्लॉगचा टाइम झोन भारताचा नाही.

इथपर्यंत सरळ आहे. खरी गोम मराठीत आहे, आणि इंग्रजी ब्लॉगसाठी लिहिलेल्या कोडला तिचा पत्ताच नसतो.

साधं सॉर्ट वापरलं तर क्रम युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या) आकड्यांवर लागतो. ‘ॲ’चा आकडा ‘ह’च्याही पुढचा असल्यामुळे ‘ॲप’वरचा लेख यादीच्या तळाला जातो. ‘ळ’ येतो ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये. त्याऐवजी लोकेलकंपेअर (भाषेच्या क्रमाने तुलना करणारी जावास्क्रिप्टची सोय) वापरा आणि भाषा ‘एमआर’ द्या, म्हणजे ‘ह’नंतर ळ, क्ष, ज्ञ असा आपला क्रम लागतो. आता पुढचा खड्डा: गटाचा मथळा म्हणून पहिलं अक्षर उचललंत तर ‘क्षण’चं पहिलं अक्षर ‘क’ निघतं आणि यादीच्या शेवटी ‘क’ हा मथळा दुसऱ्यांदा उगवतो. शीर्षक क्ष किंवा ज्ञ ने सुरू होतं का ते आधी तपासा. तसं असेल तर पहिली तीन चिन्हं मिळून मथळा करा. सुरुवातीची अवतरणचिन्हं आणि मोकळ्या जागा त्याआधीच छाटा.

लेबलांचं दुखणं याहून चिवट. ‘कादंबऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त लावून आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, स्क्रिप्टला वेगळे, म्हणून एकाच नावाचे दोन गट दिसतात. ‘ॲ’सुद्धा एकसंध किंवा अ वर चंद्र देऊन असा दोन्ही प्रकारे येतो. जावास्क्रिप्टच्या नॉर्मलाइझने (अक्षरं एकाच रूपात आणणारी सोय) यातलं काहीच जुळत नाही; तुलनेआधी एक रूप बदलून दुसरं करणारे दोन रिप्लेस स्वतः लिहावे लागतात.

विषयवार यादीत एका लेखाला चार लेबलं असतील तर तो चारदा छापला जातो. मी तरी मुख्य ८-१० लेबलं हव्या त्या क्रमाने स्क्रिप्टमध्येच लिहीन, लेखाला त्यातलं जे पहिलं जुळेल त्याच गटात तो टाकीन, आणि उरलेले ‘इतर’मध्ये. लेबल नसलेल्या लेखांना ‘कॅटेगरी’ हा भागच नसतो, तेही तिथेच जातील.