क्लॉडियसच्या अभ्यासासाठी टॅसिटस पुरेसा आहे का?

आपण लिहिले आहे की, रोमन सम्राट क्लॉडियसवरील प्रबंधात टॅसिटस, स्युटोनियस आणि डिओ या रोमन इतिहासकारांचे ग्रंथ ही प्राथमिक साधने दिल्यावर मार्गदर्शकांनी कोरीव लेखही पाहण्यास सांगितले, पण विद्यापीठाच्या कार्यालयाने संकेतस्थळावरून घेतलेले कोरीव लेख साधन म्हणून नाकारले. माझ्याही वाट्याला नेमके हेच आले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

क्लॉडियसची कारकीर्द इ.स. 41 ते 54 अशी आहे आणि हे तिन्ही इतिहासकार त्याच्या मृत्यूनंतर जन्मले. टॅसिटसच्या ग्रंथातील तर 41 ते 47 या वर्षांचा भागच नष्ट झाला आहे. म्हणून माझ्या मते, त्याला साक्षीदार मानण्यापेक्षा आधीची साधने हाताळणारा इतिहासकार मानून वाचावे. बखर आणि अस्सल पत्र यांत आपण जो भेद करतो, तो येथेही करावा लागतो.

इ.स. 48 मध्ये गॉलमधील (म्हणजे ढोबळमानाने आजच्या फ्रान्समधील) प्रतिष्ठितांना सिनेटमध्ये प्रवेश मिळावा, यासाठी क्लॉडियसने केलेले भाषण टॅसिटसने ‘अ‍ॅनल्स’च्या अकराव्या भागात दिले आहे. त्याच भाषणाचा ब्राँझवर कोरलेला पाठ 1528 मध्ये लियाँ येथे सापडला. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यास टॅसिटसची कार्यपद्धती दिसते: परक्यांना सामावून घेण्याची रोमची जुनी रीत हा मूळ युक्तिवाद तो ठेवतो, पण रोमचा प्राचीन राजा सर्व्हियस टुलियस याच्याविषयीचे, एट्रुस्कन या इटलीतील प्राचीन लोकांच्या परंपरेतील विषयांतर आणि मृत शत्रूचे नाव न घेता क्लॉडियसने काढलेले कटू उद्गार गाळतो. अर्थात ब्राँझही निःपक्षपाती नाही. ते भाषण गॉलच्या गौरवाचे असल्यामुळेच तेथे कोरले गेले असावे, आणि त्याचा वरचा भाग आज उपलब्ध नाही.

आता कार्यालयाविषयी. माझा आराखडा ‘इंटरनेट संदर्भ अग्राह्य’ एवढ्याच शेऱ्यासह परत आला, आणि छापील खंडातील तोच कोरीव लेख ग्राह्य का व संगणकावरचा अग्राह्य का, हे कोणीही सांगितले नाही. या निरर्थक पत्रव्यवहारात अभ्यासाचा जो काळ गेला, त्याची खंत मला आजही आहे. एखाद्या लेखाचे प्रामाण्य त्याच्या वाचनावर आणि संपादनावर ठरते, तो कोठे पाहिला यावर नव्हे. तरीही वादात न पडता संदर्भ नेहमी ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम लॅटिनारम’ या लॅटिन कोरीव लेखांच्या प्रमाण संग्रहाच्या खंड व क्रमांकासह द्यावा; लियाँच्या लेखासाठी तो खंड 13, क्रमांक 1668 असा आहे. नियम विद्यापीठागणिक बदलतात, त्यामुळे मार्गदर्शकांची लेखी संमती आधीच घ्यावी.

‘क्लाउस-स्लाबी’ हा लॅटिन कोरीव लेखांचा संगणकावरील विनामूल्य संग्रह वापरताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. चौकोनी कंसातील अक्षरे लेखावर आज दिसत नाहीत, ती संपादकाने अनुमानाने भरलेली असतात. गोल कंसात संक्षेपांचा विस्तार असतो. चौकोनी कंसातील एखाद्या शब्दावर आपला निष्कर्ष अवलंबून असेल, तर तो अन्य पुराव्याशिवाय मांडू नये.