पोर्तुगीज पासपोर्ट, भारतीय जोडीदार: राहण्याच्या हक्काबद्दल तुमचे प्रश्न

१९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. त्यामुळे अनेक गोमंतकीय घरांत नवऱ्याचा पासपोर्ट पोर्तुगीज आणि बायकोचा भारतीय असतो, आणि संसार तिसऱ्याच देशात. या वेळचे प्रश्न अशाच घरांतून आले आहेत.

प्रश्न : पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या माझ्या नवऱ्याला डब्लिनमध्ये नोकरी लागली आहे. एजंट म्हणतो, आधी त्याला वर्षभर तिथे राहू दे, पगार दाखवू दे, मग तुमचा व्हिसा. खरं का? (म्हापसा)

नाही. युरोपीय संघाचा २००४ चा ३८ क्रमांकाचा निर्देश याबाबत स्पष्ट आहे. संघातल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात कामाला गेला, की त्याचा जोडीदार सोबत किंवा मागाहून जाऊ शकतो, मग तो जगातल्या कुठल्याही देशाचा असो. काम नाममात्र नको, खरं हवं, पण किमान पगाराची अट नाही. व्हिसा लागतो, मात्र त्याची फी घेता येत नाही आणि तो लवकरात लवकर द्यावा लागतो. जोडीदाराने आधी दुसऱ्या युरोपीय देशात कायदेशीर राहिलेलं असावं, अशी अट आयर्लंडने एके काळी घातली होती. ती युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये मेटॉक खटल्यात मोडीत काढली.

डब्लिनला पोचलात की रहिवास कार्डासाठी ‘ईयू वन’ हा अर्ज भरा. पोच लगेच आणि कार्ड सहा महिन्यांच्या आत मिळायला हवं. ते साधारण पाच वर्षांचं असतं. तुम्हाला नोकरीही करता येते, वेगळं वर्क परमिट लागत नाही.

लग्नाचा दाखला मात्र आत्ताच तपासा. गोव्यात सिव्हिल नोंदणीसाठी दोनदा सही करावी लागते. पहिली सही करून लग्न झालं असं समजणारी आणि दुसरीला कधी न गेलेली जोडपी मी पाहिली आहेत. त्यांच्या हातात ऐन वेळी दाखलाच नसतो.

प्रश्न : माझा नवरा पोर्तुगीज, मैत्रिणीचा जर्मन. आम्ही दोघी भारतीय. तिला येण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागली, मला नाही. माझ्या कागदांत काही राहिलं तर नाही ना? (कोलोन)

काही राहिलेलं नाही, निश्चिंत असा. युरोपीय नियम आपला देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात गेलेल्यांसाठी आहे. तुमचा नवरा जर्मनीत तसा आला, मैत्रिणीचा नवरा मात्र स्वतःच्याच देशात आहे. त्यामुळे तिला जर्मनीचा स्वतःचा कायदा लागला. स्वतःच्या देशातल्या नागरिकाला परक्यापेक्षा कमी मिळावं, हे मला आजही खटकतं.

याला एक अपवाद आहे आणि तो एका भारतीय माणसाच्या खटल्यातून आला. सुरिंदर सिंग यांची पत्नी ब्रिटिश. दोघं काही वर्षं जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले. परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदारालाही युरोपीय हक्क लागू होतात, असं न्यायालयाने १९९२ मध्ये ठरवलं. ब्रिटन संघाबाहेर गेलं तरी तो निकाल बाकी देशांत लागू आहे.

प्रश्न : नवऱ्याचं कंत्राट आठ महिन्यांतच संपलं. आता देश सोडावा लागेल का? (कॉर्क)

नाही. त्याने लगेच रोजगार कार्यालयात नाव नोंदवावं. वर्षाच्या आत नोकरी गेली तरी कामगाराचा दर्जा किमान सहा महिने टिकतो, आणि त्याच्यासोबत तुमचा हक्कही.

प्रश्न : मुलाकडे स्विंडनमध्ये सेटल्ड स्टेटस आहे. त्याचं लग्न २०२३ मध्ये झालं, ओळखही त्याच वर्षीची. सून त्याच नियमाने जाईल का? (मडगाव)

जाणार नाही. सेटल्ड स्टेटस म्हणजे ब्रिटन संघाबाहेर पडण्याआधीपासून तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना मिळालेला कायम राहण्याचा हक्क. त्या वाटेने जायला दोघांचं नातं ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं असावं लागतं. सुनेला ब्रिटनचे स्वतःचे कौटुंबिक नियम लागतील, त्यातली उत्पन्नाची अट आणि इंग्रजीची परीक्षाही.

प्रश्न : लग्नाला सात वर्षं झाली, इथे येऊन चार. नवरा वेगळा राहतो. पुढच्या महिन्यात कायमचा पोर्तुगालला जातो, घटस्फोटाचं नंतर बघू, असं म्हणतो. माझ्या कार्डाची मुदत अजून वर्षभर आहे, नोकरीही आहे. (आइंडहोवन)

ताई, कार्डावरच्या तारखेवर विसंबून राहू नका. कार्ड हा फक्त पुरावा आहे. हक्क तुमच्या नवऱ्याच्या तिथे असण्यावर उभा आहे, आणि तो देश सोडून गेला की पायाच निघून जातो.

नुसतं वेगळं राहिल्याने हक्क जात नाही, हे न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं आहे. घटस्फोटानंतरही तो टिकतो, जर अर्ज दाखल होईपर्यंत लग्नाला तीन वर्षं झाली असतील आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलं असेल. तुम्ही दोन्हींत बसता. पण २०१५ मध्ये कुलदीप सिंग आणि इतर यांच्या आयर्लंडमधल्या खटल्यात न्यायालयाने क्रमाला महत्त्व दिलं. बायका आधी देश सोडून गेल्या, घटस्फोटाचे अर्ज नंतर पडले, आणि नवऱ्यांचा हक्क टिकला नाही.

म्हणून नवरा नेदरलँड्समध्ये असतानाच न्यायालयात अर्ज पडला पाहिजे. याच आठवड्यात तिथल्या वकिलाला भेटा. त्याची नोकरी, पत्ता आणि नोंदणी यांच्या कागदांच्या प्रती आत्ताच घेऊन ठेवा, तो गेल्यावर त्या मिळणं कठीण. तुमची स्वतःची नोकरी सोडू नका. घटस्फोटानंतर पाच वर्षं पूर्ण होऊन कायम रहिवास मिळेपर्यंत तीच तुमचा आधार आहे.

घरात मारहाण झाली असेल तर तेही वकिलाला सांगा, लपवू नका. अशा वेळी नवरा निघून गेल्यानंतर केलेला अर्जही चालतो, असा २०२१ चा निकाल आहे. मात्र तोही वाजवी मुदतीत करावा लागतो. त्या खटल्यात जवळपास तीन वर्षांचा उशीर न्यायालयाला मान्य झाला नाही.