ब्लॉकचेन कायदा, न्यायालये आणि शासकीय अंमलबजावणी यांची जागा घेऊ शकेल का?

मालकीच्या नोंदी आणि करारांच्या अटी ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या, साखळीसारख्या जोडलेल्या सामायिक नोंदवहीवर ठेवल्या, तर न्यायालयांची आणि शासनाची गरज उरेल का, असे आपण विचारले आहे. मी तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी वकिली करतो, माझ्याकडची बहुतेक प्रकरणे शेतजमिनीची असतात, आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर नकारार्थी आहे.

एकदा झालेली नोंद मागाहून कोणालाही गुपचूप बदलता येत नाही, हे ब्लॉकचेनचे सामर्थ्य मला मनापासून मान्य आहे. परंतु माझ्याकडे येणारा वाद नोंद बदलल्याचा क्वचित असतो. मुळातच चुकीची नोंद झाल्याचा अधिक असतो. वडील वारल्यावर भावांनी वारसनोंदीत बहिणींची नावे लावलीच नाहीत, तर ती अपुरी नोंद ब्लॉकचेनवरही तितकीच सुरक्षित राहील. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 नुसार सातबाऱ्यावरील नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. आणि विरुद्ध सिद्ध करण्यासाठी साक्षीपुरावा ऐकणारे कोणीतरी लागते.

त्यापुढचा प्रश्न ताब्याचा. एका प्रकरणात शेजाऱ्याने वर्षानुवर्षे बांध कोरून माझ्या पक्षकाराच्या शेताची पट्टी आपल्या नांगराखाली घेतली होती. हुकूमनामा आमच्या बाजूने झाला, तरी पट्टी शेजाऱ्याकडेच राहिली. मग हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल केली. भूकरमापकाने हद्दीच्या खुणा दाखवल्या, त्यांवर चुना टाकला, पोलीस बंदोबस्तात बेलिफाने ताबा दिला, पंचांनी सह्या केल्या, आणि तेव्हा कुठे त्या म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या जमिनीत पाय ठेवला.

निव्वळ संगणकातच असलेल्या मालमत्तेला हे लागू नाही, असे कोणी म्हणेल. त्यासाठी इथेरियम या ब्लॉकचेनवरील ‘द डाओ’ या सामूहिक गुंतवणूक योजनेचे उदाहरण पाहावे. संहिता, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम, हाच करार, अशी तिची भूमिका होती. जून 2016 मध्ये संहितेतील एका त्रुटीचा फायदा घेऊन कोणीतरी सुमारे 36 लाख ईथर (इथेरियमचे डिजिटल चलन) तिच्यातून वळते केले. संहितेने जे करू दिले तेच त्याने केले होते. तरीही बहुतेकांना ती चोरी वाटली, आणि 20 जुलै 2016 रोजी साखळीच्या नियमांत बदल करून ती रक्कम गुंतवणूकदारांना परत मिळेल अशी व्यवस्था करण्यात आली. ज्यांना हे पटले नाही त्यांनी जुनी साखळी इथेरियम क्लासिक या नावाने चालू ठेवली. म्हणजे हेतू, फसवणूक आणि न्याय यांचा निवाडा तेथेही माणसांनीच केला. फक्त उलटतपासणी आणि अपील यांची सोय त्यात नव्हती.

नोंदणीकृत दस्तांची डिजिटल खूण ब्लॉकचेनवर ठेवावी, आणि न्यायालयाच्या आदेशाने झालेली दुरुस्ती जुनी नोंद न पुसता तिच्यापुढे नवी नोंद म्हणून जोडावी, एवढ्या उपयोगाचे मात्र मी स्वागतच करीन. मागच्या तारखेचे कागद करणाऱ्यांना त्याने खरोखर आळा बसेल.